पिछाडीच्या फळीचा हिशेब

जालना जिल्ह्याचें नांव काढलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांचीं गोदामें, मोसंबीच्या बागा आणि उन्हाळ्यांत गांवोगांव धांवणारे पाण्याचे टँकर उभे राहतात. नाव, नावाडी, वल्हें हे शब्द तिकडच्या मुलांना पाठ्यपुस्तकांतच भेटावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. आणि तो अगदींच खोटा आहे असें नाहीं. तेव्हां अशा मुलुखांतील एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें, ज्याची सारी हयात रघुवंश आणि रूपावली पाठ करून घेण्यांत गेली, त्यानें फायबरच्या होडीच्या दुरुस्तीचा जमाखर्च सांगावयास बसावें, हें वाचकांस जरा विचित्र वाटेल. परंतु गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं ह्या एका विषयावांचून दुसरें बोलणें नव्हतें. आणि एकत्र कुटुंबांत ज्या गोष्टीवर चौदा माणसें तीन आठवडे बोलतात, तींत इतरांस सांगण्याजोगें कांहींतरी असतेंच.

प्रथम ही होडी आमच्या घरीं आली कशी, तें सांगितलें पाहिजे. गोदावरी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. ऐलतीरीं अंबड, घनसावंगी व परतूर हे तालुके आणि पैलतीरीं बहुतेक ठिकाणीं बीड जिल्हा. आमचें गांव घनसावंगी तालुक्यांत अगदीं कांठावर आहे, आणि वडिलोपार्जित जमिनीपैकीं सात एकरांचा एक तुकडा नदीपलीकडे आहे. आमच्या लहानपणीं ह्याची अडचण चार महिनेच भासे. पावसाळा सरून पाणी ओसरलें कीं वाळूंतून बैलगाडी खुशाल पार जाई. पुढें पैठणास जायकवाडीचें धरण झालें. त्याची पायाभरणी १९६५ मध्यें लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्तें झाली आणि १९७६ मध्यें इंदिरा गांधी ह्यांनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. त्यानंतर खालच्या अंगाचें आमचें पात्र उन्हाळ्यांत अधिकच कोरडें पडूं लागलें. ह्यावर उपाय म्हणून नदींत जागजागीं दरवाजांचे बंधारे बांधण्यांत आले. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी हीं नांवें आमच्याकडे आतां शेंबडें पोरही सांगेल. पावसाळ्याच्या अखेरीस दरवाजे बंद होतात व पाणी पात्रांतच उभें राहतें. त्यामुळें विहिरींना झरे फुटले, ऊस वाढला, आणि आमची जुनी वाळूची वाट मात्र पाण्याखालीं गेली. हें पाणी आम्हांस नको आहे असें कोणी समजूं नये. पण समोर दिसणाऱ्या शेतास जावयाचें तर शहागडच्या पुलावरून लांबचा वळसा घ्यावयाचा, ही स्थिति झाली.

म्हणून चार वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें समुद्रकांठच्या एका गांवीं जाऊन सोळा फुटांची एक वापरलेली फायबरची होडी विकत आणली आणि तिला पंधरा अश्वशक्तीचें यंत्र जोडलें. तेव्हांपासून खताचीं पोतीं, दुधाचे कॅन, खुरपणीच्या व कापूस वेचणीच्या बायका, सारें ह्याच होडींतून जातें येतें. शेतावर राहणाऱ्या सालगड्याची मुलगी सातवींत आहे. तीही रोज सकाळीं होडींतूनच शाळेंत येते.

फायबर म्हणजे काय, हें मलाही ही होडी येईपर्यंत नीटसें ठाऊक नव्हतें. कांचेचे केसासारखे बारीक तंतु काढून त्यांची चटई किंवा कापड करतात, तें सांच्यांत पसरून त्यावर रेझिन नांवाचा चिकट रस माखतात, आणि रस आळला कीं दगडासारखें कठीण कवच तयार होतें. अमेरिकेंत १९४२ च्या सुमारास अशा होड्या प्रथम झाल्या. आपल्या देशांत, विशेषतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, २००४ च्या सुनामीनंतर त्या फार पसरल्या. ह्या कवचास गंज नाहीं, वाळवी नाहीं, आणि दर वर्षीं तेल पाजावें लागत नाहीं. लोक समजतात कीं होडी सगळीच कांचेची असते. तसें नसतें. एका ठिकाणीं तिच्या पोटांत लांकूड असतें, आणि आमच्या कथेचें सारें मूळ तेथेंच आहे.

होडीची मागची बाजू आडव्या, सपाट भिंतीनें बंद केलेली असते. तिला इंग्रजींत ट्रान्सम म्हणतात. आमचा कारागीर 'ट्रान्समची फळी' म्हणे, आणि घरांत आम्ही पिछाडीची फळी म्हणूं लागलों. अमरकोशांत वल्ह्याला क्षेपणी, सुकाणूला अरित्र व केनिपातक, इतकेंच काय पण आंतलें पाणी उपसण्याच्या भांड्याला देखील सेचन हा स्वतंत्र शब्द आहे. पण यंत्र टांगावयाच्या फळीला शब्द असणार कोठून? तसलें यंत्र अमेरिकेंत ओले एव्हिनरूड ह्या मूळच्या नॉर्वेच्या कारागिरानें विक्रीस काढलें तेंच मुळीं १९०९ मध्यें. आमचें यंत्र पन्नास किलोच्या घरांत आहे. तें ह्या फळीच्या माथ्यावर दोन शिकंज्यांनीं आवळून लोंबत असतें, आणि चालूं झालें कीं सबंध होडी, माल व माणसें ह्यांचा भार ह्या एका फळीवर रेटून पुढें ढकलतें. नुसतें कांचेचें कवच एवढा रेटा व एवढी थरथर सोसूं शकत नाहीं, तें वांकतें. म्हणून प्लायवुडच्या दोन जाड फळ्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या दोन्ही अंगांस कवच चढवितात. लांकूड ताठपणा देतें, कवच पाणी अडवितें, असा हा संसार आहे.

गेल्या माघांत पुतण्यास असें दिसूं लागलें कीं वेग वाढविला म्हणजे यंत्र किंचित् मागें पुढें डुलतें. त्यानें शिकंजे आवळले. आठ दिवसांनीं ते पुन्हां सैल झाले. मग आमच्या गांवच्या एका वृद्ध भोयानें, ज्याचा जन्म लांकडी नावेंत गेला आहे, फळीवर वल्ह्याच्या मुठीनें ठोकून पाहिलें. वरच्या उजव्या कोपऱ्यांत खणखणीत आवाज आला. खालीं मात्र भिजल्या भिंतीवर ठोकल्यासारखा बद्द. तो म्हणाला, "गुरुजी, कातडं बरं हाय, हाड गेलंय." पुतण्यानें गिरमिटानें आंतल्या बाजूस बारीक भोंक पाडलें, तेव्हां पांढऱ्या कोरड्या भुशाऐवजीं काळा ओला लगदा बाहेर आला. वास तर असा, कीं पावसाळ्यांत बंद ठेवलेल्या बळदाची आठवण व्हावी. बाहेरून पाहावें तर फळी जशी विकत घेतली तशी, निळीशार व तुळतुळीत.

येथून खर्चाचा प्रश्न सुरू झाला. एका दुकानदारानें होडी न पाहतांच फोनवर सांगितलें कीं नऊ हजारांत काम होईल. वरून दोन थर चढवूं, रंग देऊं, चार दिवसांत होडी परत. दुसरा सल्ला जालन्याचाच होता. आमच्या जिल्ह्यांत कोणताही पदार्थ मोडला तरी त्यावर लोखंड हा उपाय ठरलेला. एका वेल्डिंगवाल्यानें दोन्ही बाजूंस जाड पत्रा बसवून आठ बोल्टांनीं आवळून देण्याचे साडेपांच हजार सांगितले. तिसरा अंदाज औद्योगिक वसाहतींतील एका कारागिराचा होता. हा सध्यां पाण्याच्या टाक्या, कूलरच्या पेट्या आणि देवळांचीं फायबरचीं शिखरें करतो. पण पूर्वीं आठ वर्षें कोंकणांत होड्या बांधणाऱ्याकडे होता. त्यानें होडी पालथी करून, ठोकून, खडूनें खुणा करून, मग एका वहीच्या पानावर बाब लिहून दिली. बेरीज छत्तीस हजार. नवी होडी घ्यावयाची तर यंत्राशिवाय दीड लाखाहून अधिक, असें चौकशींत कळलें.

लोखंडी पत्र्याचा विचार निघाला तेव्हां मला भोजराजाच्या नांवावर मोडणाऱ्या युक्तिकल्पतरु ह्या ग्रंथाची आठवण झाली. त्यांत नौका बांधण्याचें प्रकरण आहे. समुद्रांत जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, असा त्यांत स्पष्ट निषेध आहे. कारण म्हणे समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील! कारण खोटें आहे ह्यांत शंका नाहीं. आमच्या कारागिरानें मात्र त्याच निषेधाचें खरें कारण मला दोन वाक्यांत दिलें: "गुरुजी, बोल्ट आवळायला खालीं घट्ट कांहीं पाहिजे. कुजलेल्या लांकडावर जितका नट पिळाल तितकें तें चेपत जाईल, आणि आठ भोंकांतून आणखी पाणी आंत जाईल." त्याच ग्रंथांत लांकडाचे चार वर्ण कल्पून, दोन भिन्न जातींच्या लांकडांची नाव करूं नये, ती फार दिवस टिकत नाहीं, कुजते, फुटते व बुडते, असेंही सांगितलें आहे. हें ऐकून पुतण्या उत्साहानें म्हणाला, "काका, म्हणजे आपल्या पूर्वजांना हें सगळें माहीत होतें!" मीं त्याला तेथेंच थांबविलें. भोजराजाला फायबर ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची मला मुळींच हौस नाहीं. तेथें बोलणें लांकडाच्या जातींचें आहे, कांचेचें नव्हे. परंतु दोन भिन्न प्रकृतींचे पदार्थ एका ठिकाणीं बांधले म्हणजे सांध्याची काळजी अधिक घ्यावी लागते, एवढें जुन्या नावाड्यांनीं पाहिलें असावें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रविवारीं ओसरीवर सगळे बसलों. पुण्याचे धाकटे बंधु फोनवर होते. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं नऊ हजारांचें काम करून हंगाम काढावा, आणि पुढच्या वर्षीं पलीकडचे सात एकर विकून टाकावेत. "नाना, मी त्या होडींत एकदां बसलों आहें. माझ्या तिसऱ्या हिश्शाचे बारा हजार मी कशासाठीं घालूं?" हें बोलणें अगदींच चुकीचें होतें असें मी म्हणणार नाहीं. ज्याला पीक पाठवितां येत नाहीं, फक्त हिशेब पाठवितां येतो, त्याला जमीन हिशेबासारखीच दिसावयाची. पण त्या वाक्यानें फळीचा प्रश्न जमिनीचा झाला, आणि जमिनीचा झाला म्हणजे तो आमच्या दिवंगत वडिलांचा झाला. दादा एक शब्द बोलेनात. त्यांनीं पानाचा डबा उघडला आणि नुसता बंद केला.

तेव्हां वहिनी आंतून आल्या. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें आहे व त्या सहसा असल्या बैठकींत पडत नाहींत. त्या म्हणाल्या, "जमीन विकायची ती पुढें विका. पण उद्यां सकाळीं त्या होडींत कोण बसणार आहे? तुमच्यापैकीं कोणी नाहीं. कामाच्या बायका बसतात, ती पोरगी बसते. त्यांतल्या एकीला तरी पोहतां येतें का, विचारलें आहे कोणीं?" कोणींच विचारलें नव्हतें. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत, करमाळा तालुक्यांतील कुगांव आणि इंदापूर तालुक्यांतील कळाशी ह्यांच्या दरम्यान, एक होडी वादळी वाऱ्यांत उलटून सहा माणसें बुडालीं, ती बातमी घरांत सर्वांनीं वाचलेली होती. तेथें कारण वाऱ्याचें होतें, फळीचें नव्हतें. पण मागची फळी पाण्यांत असतां फाटली तर काय होईल, हें पुतण्यानें त्या दिवशीं प्रथमच उघडपणें सांगितलें. यंत्र फळीसकट मागें निखळतें, आणि जी बाजू सर्वांत खालीं असते तींतूनच पाणी आंत शिरतें. उपसावयास सवड मिळत नाहीं. दुसऱ्या दिवसापासून होडी बंद झाली, सालगड्याची मुलगी आमच्या घरीं राहावयास आली, आणि छत्तीस हजारांच्या कागदावर दादांनीं सही केली.

काम चालूं होतें तेव्हां मी जालन्यास मुलीकडे राहिलों होतों, म्हणून रोज सकाळीं कारखान्यांत जाऊन बसे. पहिला दिवस नुसता कापण्यांत गेला. बाहेरचें कवच तसेंच ठेवावयाचें, कारण तेंच पुढें सांच्याचें काम करतें, आणि आंतलें कवच कडांपासून चार बोटें सोडून कापून काढावयाचें. तें निघालें तेव्हां आंतलें लांकूड छिन्नीनें खोदावें लागलेंच नाहीं. कितीएक ठिकाणीं तें हातानेंच बाहेर आलें, भिजवलेल्या भुशासारखें. तिसरा हिस्सा तेवढा, वरचा, शाबूत होता. तो इतका घट्ट, कीं त्याला काढतांना दोघे घामाघूम झाले. पाणी शिरलें कोठून, हेंही दिसलें. पूर्वीच्या मालकानें कसलेंसें उपकरण बसविण्यास चार स्क्रू मारले होते व पुढें काढून घेतले होते. तीं भोंकें रंगानें झांकलीं होतीं, बुजविलीं नव्हतीं. दुसरी वाट तळच्या बुचाची. तेथें भोंकाच्या आंत प्लायवुडची कापलेली कड उघडीच ठेवली होती. पेन्सिलीएवढ्या भोंकानें चार बाय दीड फुटांची फळी खाल्ली, हें डोळ्यांनीं पाहिलें नसतें तर मला खरें वाटलें नसतें. कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि थोडी हवा लागते. कवचाच्या आंत शिरलेलें पाणी बाहेर पडत नाहीं, त्यामुळें आमच्या उन्हाचाही तेथें कांहीं उपयोग होत नाहीं.

मात्र उघडल्यानंतर तेंच ऊन कामास आलें. कोंकणांत ह्या कामास लांकूड सुकण्याची वाट पाहत बसावें लागतें, असें कारागीर म्हणाला. येथें चैत्रांत तीन दिवसांत कवचाची आंतली बाजू कडकडीत झाली. उलट बाजू अशी कीं उन्हांत रेझिन फार लवकर आळतें. डब्यांत अधिक वेळ राहिलें तर स्वतःच तापून धूर सोडूं लागतें. म्हणून चिकटविण्याचें सारें काम सकाळीं सहा ते नऊ, आणि एका वेळीं वाटीभरच रस. ह्या कामास त्यानें नेहमीचें पॉलिएस्टर न वापरतां इपॉक्सी वापरलें. तें कितीतरी महाग, पण लांकडास अधिक घट्ट धरतें. त्याचे दोन भाग वजनकाट्यावर तोलून घ्यावे लागतात. पॉलिएस्टरमध्यें घट्ट करणारें औषध थोडें कमी-अधिक चालतें, येथें प्रमाण चुकलें तर रस कायमचा चिकट राहतो. तें तोलणें मी आवडीनें पाहत असें. वृत्तांत एक मात्रा चुकावी तसा तो प्रकार आहे.

पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्याबरहुकूम आय. एस. ७१० हा मरीन प्लायवुडचा छाप असलेल्या फळीचे दोन तुकडे काढले. त्यांच्या कडांस प्रथम नुसता रस पाजला, मग दाट लुकणानें ते एकमेकांस व कवचास चिकटवून रात्रभर शिकंज्यांत ठेवले. कोपरे गोलसर भरून त्यावर विणलेल्या कांचकापडाचे थर चढविले, आणि ते फळीपुरते न ठेवतां बाजूंवर व तळावर वीतभर आणले. म्हणजे फळीचा रेटा सगळ्या होडीवर वाटला जातो. शेवटीं बोल्टांचीं भोंकें. ती युक्ति मला फार आवडली. प्रथम भोंक हवें त्याहून मोठें पाडावयाचें, तें इपॉक्सीनें पूर्ण भरावयाचें, आणि तें आळल्यावर त्याच्या मधोमध योग्य मापाचें भोंक पुन्हां पाडावयाचें. म्हणजे बोल्ट लांकडास शिवतच नाहीं.

आतां हिशेब. प्लायवुडचा एक ताव ४,२००, इपॉक्सी ४,८००, कांचकापड २,१००, घासण्याच्या चकत्या, कुंचले, तोंडाचे मुखवटे वगैरे १,४५०, रंग १,६५०, न गंजणारे बोल्ट व सांधे बुजविण्याचें लुकण १,३००. हा माल पंधरा हजार पांचशे झाला. दोन माणसांची सात दिवसांची मजुरी १४,०००, टेंपोनें जाणें येणें ६,५००. जें लांकूड कुजलें त्याची किंमत एकूण खर्चाच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. बाकी सारा पैसा तेथपर्यंत पोंचण्याचा, तें उघडण्याचा आणि पुन्हां मिटण्याचा. नऊ हजारवाल्याचा अंदाज स्वस्त होता तो ह्याचमुळें. त्यांत उघडण्याचा खर्चच धरलेला नव्हता. आणि मजुरीच्या चौदा हजारांतील कामाचा एक इंचही आतां बाहेरून दिसत नाहीं. होडी परत आली तेव्हां शेजारचे गृहस्थ पाहावयास आले आणि म्हणाले, "छत्तीस हजार? नुसता रंगच तर दिला आहे!" त्यांना काय सांगावें? मीं त्यांना कारखान्यांतून मुद्दाम आणलेला जुन्या फळीचा तुकडा दाखविला. तो त्यांच्या हातांत फुटला.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं होडी पाण्यांत घातली. पुतण्यानें तीन वेळां भर वेगानें नेली व परत आणली. तो भोई कांठावर उभा राहून फळीकडे पाहत होता. यंत्र हललें नाहीं. काम संपलें कीं बूच काढून, होडी कांठावर पुढच्या बाजूनें उंच ठेवावयाची, म्हणजे आंत पाणी सांचत नाहीं, हा कारागिराचा शिरस्ता आतां पाळला जातो. वहिनींनीं आपल्याकडून आणखी एक नियम घातला: एका खेपेस सहाच माणसें, आणि प्रत्येकाच्या अंगांत जाकीट. त्या सहा जाकिटांचे पैसे त्यांनीं घरखर्चांतून घेऊं दिले नाहींत, स्वतःच्या पेटींतून दिले. सालगड्याची मुलगी दुसऱ्या आठवड्यांत आपल्या घरीं परत गेली. तिचीं दोन पुस्तकें मात्र अजून आमच्याच कोनाड्यांत आहेत.

जमीन विकण्याचा प्रश्न मिटलेला नाहीं. दादा म्हणतात, मीं असेपर्यंत नाहीं. पुण्याहून उत्तर येतें, मग त्यानंतर काय? कारागिराचे पैसे आम्हीं दोन हिश्शांतून पुरे केले. धाकटे बंधु श्रावणांत यावयाचे आहेत. तोंपर्यंत वहींत त्यांच्या नांवावर बारा हजार येणें दाखविले आहेत.